सीमेवर अडलेला ग्रंथ : ‘युलिसिस’च्या क्रमांकित प्रतींचा प्रवास (इ. स. १९२२–१९३४)

एखादा ग्रंथ दुर्मिळ कां झाला, असें विचारलें असतां आपल्याकडे ठरलेलीं उत्तरें मिळतात. पोथी असेल तर वाळवी, ओल, भाऊबंदांची वाटणी आणि वाण्याच्या पुड्या; छापील ग्रंथ असेल तर मूळ प्रतीच थोड्या. हीं कारणें खरीं आहेत. परंतु आणखी एक कारण असें आहे कीं तें आमच्या ग्रंथसूचींत बहुधा नोंदिलें जात नाहीं. तें म्हणजे ग्रंथाच्या वाटेंत आलेली राज्याची सीमा. छापणारानें संख्या ठरविली, घेणारानें पैसे भरले, ग्रंथ बांधून निघाला, आणि दोन राज्यांमधील नाक्यावर तो थांबला. तेथें त्याचें काय झालें यावर पुढें किती प्रती राहिल्या, त्या कोणाच्या संग्रहीं गेल्या, एवढेंच नव्हे तर ग्रंथाचा कोणता पाठ रूढ झाला, हेंही ठरतें. मर्यादित आवृत्तीच्या पानावर छापलेली संख्या ही प्रकाशकाची इच्छा असते. खरी संख्या नाक्यावर ठरते, असें आमचें मत आहे व तें पुढील हकीकतीवरून वाचकांनीं तपासून पाहावें.

या प्रकाराचें आम्हांस ठाऊक असलेलें सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्या देशांतलें नाहीं आणि फार जुनेंही नाहीं. जेम्स जॉइस या आयरिश ग्रंथकाराची ‘युलिसिस’ ही कादंबरी इ. स. १९२२ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें प्रसिद्ध झाली. तिच्या वाङ्मयीन योग्यतेचा निर्णय करणें हा या लेखाचा विषय नव्हे, आणि संस्कृत काव्यशास्त्राच्या तालमींत वाढलेल्या आम्हां लोकांस तो निर्णय सोपाही जाणार नाहीं. येथें ती केवळ एक वस्तु म्हणून पाहावयाची आहे : ७३२ पृष्ठें, निळें कागदी मुखवेष्टण, वजन सुमारें दीड किलो, आणि प्रारंभीं छापलेला प्रतीचा क्रमांक. संशोधकाच्या दृष्टीनें तिचा मोठा गुण असा कीं तिच्या प्रवासाचे कागद, म्हणजे पत्रें, वर्गणीदारांचे हिशेब, सरकारी टिपणें, न्यायालयांचे निकाल, विपुल राहिले आहेत. आपल्याकडील शेंकडों ग्रंथांच्या बाबतींत जें अनुमानानें काढावें लागतें तें येथें डोळ्यांनीं दिसतें.

प्रकाशिका सिल्व्हिया बीच ही मूळची अमेरिकन. तिनें १९१९ च्या नोव्हेंबरांत पॅरिसमध्यें ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या नांवाचें इंग्रजी पुस्तकांचें दुकान काढलें होतें. ग्रंथ छापून काढण्याचा तिला पूर्वीं अनुभव नव्हता. तिनें १००० प्रतींची मर्यादित आवृत्ति ठरविली व आगाऊ वर्गणीचें पत्रक काढलें. पहिल्या १०० प्रती हातानें केलेल्या डच कागदावर, ग्रंथकाराच्या स्वाक्षरीसह, दर प्रतीस ३५० फ्रँक. क्रमांक १०१ ते २५० आर्श येथील कागदावर, २५० फ्रँक. उरलेल्या ७५० साध्या कागदावर, १५० फ्रँक. कागदाच्या जातीवरून प्रतीचा दर्जा ठरविण्याची ही चाल आमच्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. आपल्याकडेही दौलताबादी कागदावरील पोथी आणि साध्या कागदावरील नक्कल यांत घेणारा नेहमींच भेद करीत आला. वर्गणीदारांच्या जिवावर ग्रंथ काढण्याची रीतिही आपली ओळखीची. १८७८ सालीं पुण्यास निघालेला ‘काव्येतिहास-संग्रह’ अशाच आधारावर चालला. वर्गणी मागितल्यावर जीं उत्तरें येतात तींही सर्वत्र सारखींच दिसतात. बर्नार्ड शॉनें बीचबाईस उलट कळविलें कीं कोणी आयरिश मनुष्य, तोही उतारवयाचा, अशा ग्रंथास १५० फ्रँक देईल असें तुम्हांस वाटत असेल तर माझे देशबांधव तुम्हांस कळलेच नाहींत.

पण एका गोष्टींत हा प्रकार आपल्याहून निराळा होता. ‘काव्येतिहास-संग्रहा’चे वर्गणीदार व छापखाना एकाच राज्यांत होते. ‘युलिसिस’ लिहिली गेली ट्रिएस्ट, झुरिच व पॅरिस येथें. छापली दिजाँ येथील मॉरिस दारांतिएर यानें, ज्याच्या बहुतेक जुळाऱ्यांस इंग्रजी येत नव्हतें. आणि तिचे पुष्कळसे ग्राहक इंग्लंड व अमेरिका या दोन देशांत. फ्रान्समध्यें ग्रंथास कोणी हरकत घेतली नाहीं. हरकत घेणारे ग्राहकांच्याच देशांत होते. म्हणजे ग्रंथ आणि त्याचा वाचक यांच्या मधोमध समुद्र व दोन जकातखातीं अशी ही मांडणी होती.

हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांसाठीं येथें एक उपकथा सांगणें अवश्य आहे. न्यूयॉर्कचा वकील जॉन क्विन हा ‘युलिसिस’चें मूळ हस्तलिखित जसजसें तयार होई तसतसें हप्त्याहप्त्यानें विकत घेत होता. १९२१ च्या वसंतांत एका प्रकरणाची टंकप्रत तयार होत असतां टंकलेखिकेच्या नवऱ्याच्या हातीं कांहीं पानें पडलीं. हा गृहस्थ पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातींत नोकरीस होता. त्यानें तीं पानें वाचलीं आणि आगींत टाकलीं. त्या मजकुराची शुद्ध प्रत तेव्हां क्विनकडे, म्हणजे महासागरापलीकडे होती. ती कांहीं दिवसांपुरती परत द्यावी अशी विनंती झाली असतां क्विननें मूळ पानें हातावेगळीं करण्याचें नाकारलें; पुढें त्यांचीं छायाचित्रें काढून पाठविलीं. संग्राहकाच्या या कृतीस कोणी कृपणपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. जहाजावर चढविलेलें एकुलतें एक हस्तलिखित परत येईलच अशी हमी कोण देणार? छायाचित्रानें ग्रंथकाराचें काम झालें व मूळही राहिलें. तें हस्तलिखित १९२४ च्या जानेवारींत लिलांवांत १९७५ डॉलरांस रोझेनबाख या ग्रंथविक्रेत्यानें घेतलें आणि आज तें फिलाडेल्फिया येथें त्याच्याच नांवाच्या संग्रहालयांत आहे. इतक्या कमी किंमतीस तें गेल्याचें जॉइसला फार लागलें.

आतां मुख्य हकीकतीकडे वळूं. अमेरिकेंत ग्रंथास दोन दरवाजे होते, आणि दोन्हींवर वेगवेगळें खातें बसलेलें होतें. बाहेरून येणारा माल जकातखातें तपाशी व आयातीच्या कायद्यांतील ३०५ व्या कलमानें अश्लील ठरलेला ग्रंथ जप्त करी. देशांतल्या देशांत टपालानें जाणारा ग्रंथ १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याखालीं टपालखातें अडवी. म्हणजे बंदरांत सुटलेली प्रत पुढें टपालांत अडकूं शके. ‘युलिसिस’ला दुसऱ्या दरवाजाची ओळख ग्रंथरूप येण्यापूर्वींच झाली होती. तिचे भाग ‘लिट्ल रिव्ह्यू’ या न्यूयॉर्कच्या मासिकांत १९१८ पासून येत होते, त्यांतले कांहीं अंक टपालखात्यानें अडवून नष्ट केले, आणि १९२१ च्या फेब्रुवारींत मासिकाच्या दोघी संपादिकांस दर एकीस ५० डॉलर दंड झाला. त्यांचें वकीलपत्र उपरिनिर्दिष्ट क्विननेंच घेतलें होतें. या निकालानंतर अमेरिकेंतील कोणी प्रकाशक पुढें येईना, म्हणूनच पॅरिसची मर्यादित आवृत्ति जन्मास आली. तेव्हां ही मर्यादा केवळ शोभेची नव्हती. थोड्या प्रती, महाग किंमत आणि ओळखीचे ग्राहक ही कायद्याच्या भीतीनेंच सुचविलेली रचना होती.

२ फेब्रुवारी १९२२ रोजीं, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशीं, दिजाँहून येणाऱ्या आगगाडीच्या गार्डाहातीं पहिल्या दोन प्रती पॅरिसला आल्या. बाकीच्या पुढील आठवड्यांत थोड्याथोड्या येत गेल्या. अमेरिकेस टपालानें पाठविलेल्या कांहीं प्रती सुखरूप पोंचल्या, पण पुढें धास्ती वाढली व मागणी नोंदवून पैसे भरलेल्या अमेरिकन ग्राहकांच्या प्रती पॅरिसमध्येंच पडून राहिल्या. तेव्हां बीचबाईनें तरुण लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यास गाऱ्हाणें सांगितलें. त्यानें आपल्या ओळखीच्या बार्नेट ब्रेव्हरमन या गृहस्थाचें नांव सुचविलें.

ब्रेव्हरमनची युक्ति नकाशा पाहिल्यावर ध्यानांत येते. अमेरिकेचें डेट्रॉइट शहर आणि कॅनडाचें विंडसर हें गांव यांच्यामध्यें फक्त एक नदी आहे. त्या वेळीं तिच्यावर वाहतुकीचा पूल नव्हता. तो १९२९ सालीं झाला. लोक रोज होडीनें इकडून तिकडे कामास जात. कॅनडांत ‘युलिसिस’ला तोंवर बंदी नव्हती, ती १९२३ सालीं आली व १९४९ पर्यंत टिकली. म्हणजे एक लहानशी फट कांहीं महिन्यांपुरती उघडी होती. ब्रेव्हरमननें विंडसरला खोली भाड्यानें घेतली, पॅरिसहून ४० प्रती तेथें उतरवून घेतल्या, आणि डेट्रॉइटला कामावर जाणारा मनुष्य म्हणून रोजची होडी धरली. रोज एक प्रत तो विजारींत खोंचून नेई. दीड किलोचा ग्रंथ पोटाशीं बांधून जकातीच्या शिपायासमोरून सहज चालत जाणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं, आणि तें एकदां नव्हे, चाळीस प्रतींसाठीं करावयाचें होतें. शिपायांची नजर तीक्ष्ण असण्यास आणखी कारण होतें. १९२० पासून अमेरिकेंत दारूबंदी चालू होती व कॅनडांतून चोरून येणारी दारू याच वाटेनें येई. त्यामुळें फुगलेल्या कपड्यांकडे ते आधींच संशयानें पाहत. शेवटीं संशय वाढूं लागला असें वाटून त्यानें एका मित्रास जोडीला घेतलें, आणि सर्व ४० प्रती पार झाल्या.

प्रतवर्णन लिहिणाऱ्यांस आमचा प्रश्न असा : या ४० प्रतींचें वर्णन आपण कसें कराल? कागद, अक्षर, मुखवेष्टण, क्रमांक या सर्व बाबतींत त्या आपल्या ९६० बहिणींसारख्याच आहेत. त्यांचें वेगळेपण ग्रंथांत नाहीं. तें बरोबरच्या पत्रांत, हिशेबाच्या चिठ्ठींत, एखाद्या घडीच्या खुणेंत आहे. पत्र ग्रंथापासून तुटलें कीं तें वेगळेपण नाहींसें झालें. आपल्या पोथ्यांच्या बाबतींत हेंच रुमालाचें होतें. पोथी धुवून पुसून नव्या कपड्यांत बांधणारा ग्रंथपाल जुन्या रुमालावरची गांवाची व धन्याची नोंद फेकून देतो, आणि मग आपण पन्नास वर्षें तिच्या मूळ स्थळाविषयीं वाद घालीत बसतों.

पहिली आवृत्ति लौकरच संपली. लंडनच्या हॅरिएट वीव्हरबाईनें आपल्या ‘इगोइस्ट प्रेस’च्या नांवानें १९२२ च्या ऑक्टोबरांत दुसरी काढली; छपाई त्याच दिजाँच्या जुळणीवरून, सोबत शुद्धिपत्र, प्रती २००० व सर्व क्रमांकित. वितरण पॅरिसहून जॉन रॉडकर यानें केलें. पुढें या आवृत्तीसंबंधीं ग्रंथाच्या नंतरच्या छपायांत एक नोंद कायमची छापली जाऊं लागली : २००० पैकीं ५०० प्रती न्यूयॉर्कच्या टपाल अधिकाऱ्यांनीं जाळल्या, त्यांची भरपाई म्हणून जानेवारी १९२३ मध्यें ५०० प्रती पुन्हा छापल्या, त्यांपैकीं ४९९ इंग्लंडांत फोकस्टन बंदरीं जकातीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केल्या.

ही नोंद इतक्या ठिकाणीं उतरली गेली आहे कीं तिच्याकडे साक्ष म्हणून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. आमच्या मतें वाटली पाहिजे. ती नोंद प्रकाशकांच्या बाजूची आहे, आणि नाशाची संख्या मोठी असण्यांत उरलेल्या प्रतींची प्रतिष्ठा वाढते हें उघड आहे. ५०० हा आंकडा पूर्ण शंभरांचा आहे. असे आंकडे बखरींत आढळले म्हणजे आपण सावध होतों, तर येथेंही व्हावें. ४९९ हा मात्र मोजून सांगितलेला आंकडा दिसतो, कारण एक प्रत वेगळी निघून गेल्याचें सांगणारास माहीत होतें. म्हणून आम्ही पहिली संख्या ‘प्रकाशकांच्या सांगण्याप्रमाणें’ असे शब्द जोडून लिहावी व दुसरी जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारावी, असें सुचवितों. जानेवारी १९२३ च्या छपाईच्या प्रती अतिशय विरळा आहेत हें तर संग्राहकांच्या नित्याच्या अनुभवाचें आहे. पानावर ५०० छापलेले असतां हातीं बोटांवर मोजण्याइतक्या येतात, यापेक्षां आमच्या मूळ विधानास अधिक पुरावा काय हवा?

इंग्लंडची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते, कारण तेथें सारें काम शांतपणें व कागदावर झालें. १९२२ च्या डिसेंबरांत क्रॉयडनच्या विमानतळावर एका उतारूजवळची प्रत अडविली गेली. सरकारी फिर्यादींचे प्रमुख सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनीं शेवटल्या प्रकरणाचीं चाळीसेक पानें वाचून २९ डिसेंबर रोजीं अभिप्राय दिला कीं ग्रंथ अश्लील आहे. पूर्वीचीं सुमारें ७०० पानें वाचण्याची आवश्यकता त्यांस भासली नाहीं. पुढें १९२६ सालीं केंब्रिजचे तरुण अध्यापक एफ. आर. लीव्हिस यांनीं व्याख्यानांच्या उपयोगासाठीं एकच प्रत आणविण्याची परवानगी आपल्या पुस्तकविक्रेत्यामार्फत रीतसर मागितली. परवानगी तर मिळाली नाहींच, उलट हा अध्यापक कोण व काय शिकवितो याची सरकारी चौकशी झाली. चोरून आणणाऱ्यास जें सोसावें लागलें नाहीं तें विचारून आणूं पाहणाऱ्यास सोसावें लागलें. आमच्या शास्त्रांत मम्मटानें अश्लीलत्व हा काव्यदोष मानून व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे त्याचे तीन भेद केले आहेत, आणि तो दोष कोठें दोषच राहत नाहीं याचाही विचार केला आहे. दोष ठरविण्याचें काम सहृदयाकडे होतें. तें जकातीच्या चौकीकडे सोंपविल्यावर शेवटचीं चाळीस पानें वाचून निकाल लागणार, हें ओघानेंच आलें.

अडथळ्याचा सर्वांत खोल परिणाम मात्र प्रतींच्या संख्येवर झाला नाहीं. तो पाठावर झाला, आणि पाठचिकित्सा करणाऱ्या आमच्या वाचकांनीं हा भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणें परदेशीं छापलेल्या इंग्रजी ग्रंथास तेथें ग्रंथस्वामित्व हवें असेल तर तो ठराविक मुदतींत अमेरिकेंतच जुळवून छापावा लागे. जो ग्रंथ देशांत येऊंच शकत नाहीं तो तेथें छापणार कोण? त्यामुळें ‘युलिसिस’ अमेरिकेंत बेवारस ठरली. सॅम्युएल रॉथ नांवाच्या प्रकाशकानें १९२६ पासून आपल्या मासिकांत ती जॉइसच्या संमतीवांचून छापावयास आरंभ केला. त्याच्या निषेधाचें पत्रक २ फेब्रुवारी १९२७ रोजीं प्रसिद्ध झालें. त्यावर १६७ जणांच्या सह्या होत्या व त्यांत आइन्स्टाइन आणि क्रोचे यांच्याही होत्या. न्यायालयाचा मनाई हुकूम १९२८ च्या अखेरीस मिळाला. इतकें झाल्यावरही १९२९ सालीं रॉथनें संपूर्ण ग्रंथाची बनावट आवृत्ति काढली. तींत त्यानें पॅरिसच्या नवव्या छपाईची हुबेहूब नक्कल केली. प्रकाशिकेचें नांव व १९२७ हें साल सुद्धां तेंच. जुळणी मात्र नवी होती आणि घाईची, म्हणून चुका पुष्कळ झाल्या.

पुढें १९३४ सालीं अमेरिकेंत पहिली कायदेशीर आवृत्ति निघाली तेव्हां प्रकाशक ‘रँडम हाउस’ यांनीं जुळाऱ्यांच्या हातीं जी प्रत दिली ती नकळत रॉथच्या बनावट आवृत्तीचीच होती. खऱ्या प्रती बारा वर्षें सीमेवर अडविल्या गेल्या होत्या. देशांत खुशाल फिरत होती ती खोटी. आणि तीच आदर्श प्रत होऊन बसली. अशा रीतीनें चोराचे प्रमाद अधिकृत पाठांत शिरले व वाचक ते ग्रंथकाराचे समजून वाचूं लागले. एखाद्या पोथीचा वंशवृक्ष काढतांना दूरच्या प्रांतांत एकच भ्रष्ट शाखा कां पसरली हें कोडें आपणांस पडतें. मधल्या घाटावर त्या काळीं कोणाची चौकी होती, आणि चांगली प्रत नेणारास तेथें काय द्यावें लागे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं.

सुटका झाली ती ग्रंथाला आरोपी करून. १९३० च्या आयात कायद्यानें जप्तीचा अंतिम निर्णय जकातखात्याकडून काढून न्यायालयाकडे दिला होता. ‘रँडम हाउस’चे वकील मॉरिस अर्न्स्ट यांनीं १९३२ सालीं एक प्रत मुद्दाम पॅरिसहून जहाजानें मागविली. तिच्यांत विद्वानांचे अभिप्राय व परीक्षणें चिकटविलेलीं होतीं. हेतु असा कीं न्यायालयापुढें ग्रंथ पुरावा म्हणून येईल, तर त्याला चिकटलेला प्रत्येक कागदही पुराव्यांत यावा. प्रत न्यूयॉर्कला आली तेव्हां जकातीचा माणूस ती तशीच सोडूं लागला. वकिलांच्या बाजूनें आग्रह धरून ती जप्त करून घ्यावी लागली. दहा वर्षें जी वस्तु पोटाशीं लपवून आणिली ती जप्त करा म्हणून आतां गळ घालावी लागत होती. याच वकिलांनीं कायद्यांतील दुसऱ्या एका तरतुदीखालीं, मान्यताप्राप्त अभिजात ग्रंथ खाजगी उपयोगासाठीं आणतां येतो या आधारावर, आणखी एका प्रतीस सरकारी परवानगीही मिळविली. म्हणजे एकाच ग्रंथाची एक प्रत अश्लील म्हणून अटकेंत आणि दुसरी अभिजात म्हणून मोकळी, अशी स्थिति कांहीं काळ होती. खटल्याचें नांव ‘संयुक्त संस्थानें विरुद्ध युलिसिस नांवाचा एक ग्रंथ’ असें पडलें. न्यायमूर्ति जॉन वूल्झी यांनीं सबंध ग्रंथ वाचला आणि ६ डिसेंबर १९३३ रोजीं तो मुक्त केला. आदल्याच दिवशीं अमेरिकेंतील दारूबंदी उठली होती, तेव्हां डेट्रॉइटच्या धक्क्यावरील शिपायांचें काम एका आठवड्यांत बरेंच हलकें झालें असावें. अपिलाचा निकाल ७ ऑगस्ट १९३४ रोजीं दोन विरुद्ध एक मतानें तोच राहिला. इंग्लंडांत १९३६ सालीं बॉडली हेड यांनीं १००० प्रतींची मर्यादित आवृत्ति, तींतील १०० स्वाक्षरीच्या, उघडपणें काढली. अटकेंतील ती प्रत आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथसंग्रहांत आहे.

आपल्याकडे हाच नाका १८७८ च्या समुद्रजकात कायद्यानें बसविला होता. त्याच्या अठराव्या व एकोणिसाव्या कलमांखालीं अश्लील म्हणून व सरकारी जाहिरनाम्यानें म्हणून ग्रंथ अडवितां येत, आणि त्यांतील दुसऱ्या शक्तीचा उपयोग राजकीय ग्रंथांवर अधिक झाला. वि. दा. सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ हें आपलें ठळक उदाहरण. मूळ मराठींत लिहिलेला हा ग्रंथ छापण्यापूर्वींच १९०९ सालीं त्यावर बंदी आली. नागरी टाइप जर्मनींत होते, पण मराठी जाणणारे जुळारी नव्हते, म्हणून मराठी छपाईचा प्रयत्न तेथें फसल्याचें प्रकाशकांनीं नमूद केलें आहे. शेवटीं इंग्रजी भाषांतर हॉलंडांत छापलें गेलें आणि त्याच्या प्रती ‘पिक्विक पेपर्स’, ‘डॉन क्विक्झोट’ अशीं निरुपद्रवी नांवें असलेल्या वेष्टणांत हिंदुस्थानांत धाडल्या. मुंबई इलाख्यांत बंदी उठली ती १९४६ सालीं. मूळ मराठी हस्तलिखित अनेक वर्षें परदेशांत राहिलें. या इंग्रजी आवृत्तीच्या प्रती आपल्या ग्रंथालयांत थोड्या कां होईना आहेत. त्यांचीं तीं खोटीं वेष्टणें कोठें आहेत? ज्या कागदामुळें ग्रंथ आंत आला तोच कागद ग्रंथ आंत येतांच फाडून टाकला गेला. तसें करणें तेव्हां शहाणपणाचें होतें, कारण वेष्टण हाच गुन्ह्याचा पुरावा. पण इतिहासाचाही पुरावा तोच होता.

सांप्रतची अडचण पोलिसी नाहीं, खर्चाची व कागदपत्रांची आहे. अमेरिकेच्या टपालखात्यानें परदेशीं जाणारी स्वस्त समुद्रमार्गी सेवा मे २००७ मध्यें बंद केली. जड ग्रंथास तेव्हांपासून विमानाचें भाडें पडूं लागलें. आपल्याकडे २०१९ च्या अर्थसंकल्पानें परदेशी छापील पुस्तकांवर ५ टक्के जकात बसविली. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं इंग्लंडांतून २५० प्रतींच्या एका आवृत्तीची प्रत आणविली, तींत टपालहंशील ग्रंथाच्या किंमतीहून अधिक झालें. तेंही चालतें. पण मधल्या एका कचेरींत तपासणीसाठीं उघडलेलें पार्सल पुन्हा बांधतांना मूळ वेष्टण, विक्रेत्याची चिठ्ठी व प्रतीचा क्रमांक लिहिलेली पट्टी काढून टाकली गेली. ग्रंथ सुखरूप आला. त्याच्या वाटेची साक्ष मात्र गेली.

उलट बाजूनेंही बोललें पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें ७५ वर्षांहून जुनीं ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचीं हस्तलिखितें खाजगी रीतीनें देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. ही सीमा आम्हांस हवी आहे, आणि तिच्याविषयीं कुरकूर करणाऱ्या कांहीं संग्राहकांशीं आमचें जमत नाहीं. तंजावर वा पैठणच्या पोथीस परदेशांत चांगला भाव येईल, हें तिला बाहेर जाऊं देण्याचें कारण होऊं शकत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं नाका ग्रंथ राखणारा असो वा जाळणारा असो, त्यानें केलेली खूण प्रतवर्णनांत आलीच पाहिजे. सूचीकारांनीं कागद, आकार, पृष्ठसंख्या, पुष्पिका यांच्या खालीं ‘मार्ग’ असा एक रकाना घालावा. त्यांत प्रत कोठून, कोणत्या वर्षीं, कोणत्या बंदरानें व कोणाच्या हस्तें आली, जकातीचा शिक्का कोठें आहे, मूळ वेष्टण उरलें आहे कीं नाहीं, एवढें लिहावें.

ज्यांच्या संग्रहीं १९०९ ते १९४६ या काळांत परदेशांतून आलेला एखादा बंदीचा ग्रंथ त्याच्या मूळ वेष्टणासह, किंवा नुसतें वेष्टणच, असेल त्यांनीं त्याचीं मापें, वरील छापील नांव, तिकिटें व शिक्के यांची नक्कल करून मंडळाकडे पाठवावी. ग्रंथ पाठविण्याची आवश्यकता नाहीं. वेष्टण ग्रंथापासून वेगळें झालें असल्यास तें कोणत्या ग्रंथावर होतें याविषयींची घरची ऐकीव माहितीही, ऐकीव म्हणून स्पष्ट नमूद करून, अवश्य कळवावी.